नेताजींच्या विमानाचं टेकऑफच्या वेळी नेमकं काय बिघडलं होतं?

बीड जिल्ह्यात आजही प्रवासी विमानतळ नाही. सिरसाळ्याच्या माणसाला मुंबईचं विमान पकडायचं असेल, तर आधी गाडीने बीड आणि मग तिथून छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा गाठावं लागतं. याच चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचं आयसी-491 हे बोइंग विमान मुंबईकडे निघालं. भर दुपारची वेळ होती, विमान गच्च भरलेलं होतं. धावपट्टी संपत आली तरी विमानाने पुरेशी उंची घेतली नव्हती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रोड जायचा आणि त्या रोडवर नेमका त्याच वेळी कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक होता. विमान ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांवर आदळलं आणि पेटलं. 118 पैकी 55 जण गेले.

चौकशीत कारणं समोर आली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं होतं. शिवाय विमानाच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडलं होतं. म्हणजे त्या दिवशी असं का झालं, याचं उत्तर लोकांना मिळालं.

पण टेकऑफच्याच वेळी झालेला एक अपघात असा आहे, की त्याची चर्चा 80 वर्षं उलटून गेली तरी थांबलेली नाही. त्यावर समित्या बसल्या, आयोग नेमले गेले, पुस्तकं आली, सिनेमे आले. तरीही विमानाचं नेमकं काय बिघडलं होतं, हा साधा प्रश्न त्या सगळ्या गोंगाटात मागेच राहिला.

हा अपघात होता 18 ऑगस्ट 1945 चा. जागा तैवानमधलं तायहोकू, म्हणजे आजचं तैपेई. आणि विमानात होते नेताजी सुभाषचंद्र बोस.

आधी थोडं मागे जाऊया. कारण हा माणूस त्या विमानात का बसला, हे त्यांचं आयुष्य बघितल्याशिवाय कळत नाही.

आयसीएस सोडली आणि थेट मुंबई गाठली

सुभाषबाबूंचा जन्म 23 जानेवारी 1897 चा, ओडिशातल्या कटकचा. वडील जानकीनाथ नावाजलेले वकील. 14 भावंडांमध्ये सुभाषबाबूंचा नंबर नववा. पोरगा अभ्यासात हुशार, पण मान खाली घालून राहणारा नव्हता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला मारहाण झाली. त्या प्रकरणात 1916 मध्ये सुभाषबाबूंना कॉलेजमधून काढून टाकलं. पुढे त्यांनी स्कॉटिश चर्च कॉलेजमधून पदवी घेतली आणि वडिलांच्या इच्छेखातर इंग्लंडला जाऊन 1920 मध्ये आयसीएसची परीक्षा दिली. नंबर आला चौथा.

त्या काळात आयसीएस होणं म्हणजे पिढ्यांची सोय. पण 1921 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बोट पकडून भारतात परतले. 16 जुलै 1921 ला ते मुंबईत उतरले आणि त्याच दिवशी मणिभवनात जाऊन गांधीजींना भेटले. वय होतं 24.

पुढची वीस वर्षं धावपळीची होती. देशबंधू चित्तरंजन दासांच्या हाताखाली काम, कलकत्ता महापालिकेचं मुख्य अधिकारीपद, मग अटक आणि ब्रह्मदेशातल्या मंडालेचा तुरुंग. हा तोच तुरुंग जिथे लोकमान्य टिळकांनी सहा वर्षं काढली होती. 1930 मध्ये सुभाषबाबू कलकत्त्याचे महापौर झाले. 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1939 मध्ये गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्यांना हरवून पुन्हा निवडून आले. पण पक्षात कोंडी झाली, तेव्हा अध्यक्षपद सोडलं आणि फॉरवर्ड ब्लॉक काढला. जून 1940 मध्ये ते मुंबईत येऊन सावरकरांनाही भेटले. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी त्यांना अटक केली. तुरुंगात त्यांनी उपोषण सुरू केलं, तब्येत ढासळली आणि सरकारने त्यांना कलकत्त्याच्या घरात नजरकैदेत ठेवलं.

कार, रेल्वे, पाणबुडी

16 जानेवारी 1941 ची रात्र उलटून गेली होती. घराबाहेर पोलिसांचा पहारा होता. पठाणी वेशातला, दाढी वाढवलेला एक विमा एजंट वाँडरर कंपनीच्या कारमध्ये बसला आणि घराबाहेर पडला. नाव महंमद झियाउद्दीन. गाडी चालवत होता पुतण्या शिशिर. हा विमा एजंट म्हणजेच सुभाषबाबू. गोमोह स्टेशनवरून त्यांनी रेल्वे पकडली, पेशावर गाठलं, तिथून डोंगरवाटांनी काबूल. मग इटालियन पासपोर्टवर ओरलांडो मात्सोत्ता हे नाव लावून मॉस्कोमार्गे ते एप्रिल 1941 मध्ये बर्लिनला पोहोचले.

जर्मनीत त्यांनी आझाद हिंद रेडिओ सुरू केला. तिथे एमिली शेंकल सोबत होत्या. नोव्हेंबर 1942 मध्ये मुलगी अनिताचा जन्म झाला. पण हिटलरच्या भरवशावर भारत मोकळा होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. लढायचं तर भारताच्या सीमेजवळ जाऊन लढायला हवं होतं आणि ती सीमा होती जपानच्या बाजूला.

8 फेब्रुवारी 1943 ला ते जर्मनीतल्या कील बंदरातून यू-180 या पाणबुडीत बसले. मुलगी तेव्हा जेमतेम सव्वादोन महिन्यांची होती. सोबत फक्त एक सहकारी होता, आबिद हसन. हे हैदराबादचे. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे एका अर्थाने हा आपल्याच मुलखातला माणूस. मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात दोघं रबरी तराफ्यावरून जपानच्या आय-29 या पाणबुडीत गेले. मेमध्ये सुमात्राजवळच्या साबांगला उतरले आणि तिथून विमानाने टोकियोला पोहोचले.

जुलै 1943 मध्ये सिंगापूरला त्यांनी आझाद हिंद चळवळीचं नेतृत्व हाती घेतलं. 21 ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. या फौजेच्या मोठ्या अधिकाऱ्यांमध्ये आपल्या सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले होते, जे पुढे स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारात उपमंत्री झाले.

1944 मध्ये फौज इंफाळ आणि कोहिमाच्या दारापर्यंत आली. पण पाऊस, उपासमार, मलेरिया आणि तुटलेली रसद यांनी घात केला. एप्रिल 1945 मध्ये रंगून सोडावं लागलं. झाशीची राणी रेजिमेंटच्या मुलींना सुरक्षित काढल्याशिवाय निघायला नेताजी तयार नव्हते. माघारीचा बराचसा रस्ता त्यांनी सैनिकांबरोबर पायी तुडवला.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे जोखमीचा प्रवास ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. प्रत्येक वेळी एक रस्ता बंद झाला की ते दुसरा शोधायचे. ऑगस्ट 1945 मध्येही त्यांनी तेच केलं.

दोनच जागा

15 ऑगस्ट 1945 ला जपानने शरणागती जाहीर केली. ज्या देशाच्या मदतीवर लढाई उभी होती तो देशच हरला. नेताजी तेव्हा सिंगापुरात होते. त्यांच्यापुढे एक नवा बेत होता. मांचुरियात जायचं आणि तिथून सोव्हिएत रशियाशी संपर्क साधायचा.

16 ऑगस्टला ते बँकॉकला गेले, 17 ला सायगावला. तिथे अडचण आली. विमानांची मारामार होती. जपानी लेफ्टनंट जनरल शिदेई मांचुरियातल्या दायरेनकडे निघाले होते, त्यांच्या विमानात जागा मिळण्यासारखी होती. पण सगळ्यांसाठी नाही. बरीच घासाघीस झाल्यावर दोन जागा मिळाल्या. नेताजींनी सोबत कर्नल हबीबुर रहमान यांना घेतलं. बाकीचे सहकारी सायगावलाच राहिले. त्यात आबिद हसनही होते. पाणबुडीत तीन महिने सावलीसारखा सोबत असलेला माणूस या शेवटच्या प्रवासात मागे राहिला.

विमान कसं होतं?

हे मित्सुबिशी कंपनीचं की-21 जातीचं विमान होतं. दोन इंजिनांचं, साधारण 16 मीटर लांबीचं. आज आपल्याकडे छोट्या शहरांना जाणारी एटीआर विमानं असतात ना, त्यांच्याहूनही बरंच लहान. आणि मुख्य म्हणजे ते प्रवासी विमान नव्हतंच, ते बॉम्बर होतं. आत खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. माणसं मिळेल तिथे टेकून बसायची. नेताजींची जागा पंखाच्या जवळ, पेट्रोलच्या टाकीला लागून होती.

आता वजनाचं बघा. कर्मचारी धरून आत बारा-तेरा माणसं होती. नेताजींबरोबर आझाद हिंद सरकारच्या खजिन्यातलं सोनं आणि दागिने होते, लोकांनी स्वातंत्र्यासाठी अंगावरून उतरवून दिलेले. वजन जास्त होतंय म्हणून सायगावलाच त्यांनी आपलं काही सामान बाहेर काढलं. तरीही साक्षीदारांच्या म्हणण्यानुसार सायगावच्या टेकऑफला विमानाने जवळपास सगळी धावपट्टी खाल्ली होती. रात्री तुरान, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या दा नांगला मुक्काम पडला. तिथे वजन कमी करायला विमानावरच्या मशिनगन उतरवल्या गेल्या.

म्हणजे विमान जड झालंय, हे वैमानिकांना ठाऊक होतं.

तायहोकू, 18 ऑगस्टची दुपार

दुपारी विमान तायहोकूला उतरलं. पेट्रोल भरलं गेलं, लोकांनी थोडं खाऊन घेतलं. निघण्याआधी इंजिनं चालू करून तपासली गेली, तेव्हा डाव्या इंजिनाची थरथर जमिनीवरच्या तंत्रज्ञाच्या लक्षात आली. त्यात काही दुरुस्ती झाली, पुन्हा चाचणी झाली, आणि सगळं ठीक आहे असं ठरलं.

अडीचच्या सुमारास विमान धावपट्टीवर धावलं आणि उचललं गेलं. पुढच्या काही क्षणांत मोठा आवाज झाला.

जपान सरकारने जानेवारी 1956 मध्ये या अपघाताचा एक अहवाल तयार केला होता. तो साठ वर्षं बंद राहिला आणि 2016 मध्ये लोकांसमोर आला. त्यात असं नोंदवलंय की विमान जेमतेम 20 मीटर वर गेलं असताना डाव्या बाजूच्या पंख्याचं तीनपैकी एक पातं तुटलं आणि त्यानंतर इंजिनच निखळून पडलं. विमानाचा तोल गेला, ते धावपट्टीच्या कडेला खडीच्या ढिगाऱ्यावर आदळलं आणि क्षणात पेटलं.

एक पातं तुटल्याने अख्खं इंजिन कसं पडतं?

घरातला छताचा पंखा आठवा. एका पात्याला नुसती धूळ जास्त बसली तरी तो हलायला लागतो. आता असा विचार करा की हा पंखा तीन मीटरहून मोठा आहे, मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतोय आणि त्याचं एक पातं अचानक गेलं. उरलेली दोन पाती इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला ओढतात. हा हिसका इतका जबर असतो की इंजिन ज्या सांगाड्यावर बसवलंय तो सांगाडाच काही क्षणांत मोडू शकतो.

मग प्रश्न येतो की दुसरं इंजिन होतं ना? होतं. पण इथेच टेकऑफ हा उड्डाणातला नाजूक टप्पा का असतो ते कळतं.

टेकऑफला विमान सगळ्यात जड असतं, कारण टाक्या भरलेल्या असतात. इंजिनांवर ताण सगळ्यात जास्त असतो, कारण पूर्ण ताकद लावलेली असते. त्यामुळे पात्यात किंवा इंजिनात बारीकशी तडा असेल, तर ती याच वेळी उघडी पडण्याची शक्यता जास्त. आणि वेग मात्र हवेत टिकून राहण्यापुरताच असतो. अशा वेळी एका बाजूचं इंजिन गेलं की दुसऱ्या बाजूचं इंजिन विमानाला गर्रकन वळवतं. इंजिन निखळूनच पडलं तर एका पंखावरचं वजन अचानक कमी होतं आणि सगळा तोल बिघडतो. दहा हजार फुटांवर हे झालं तर वैमानिकाला सावरायला वेळ मिळतो. 20 मीटरवर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या उंचीवर, त्याच्या हातात दोन-चार सेकंद असतात.

आजच्या प्रवासी विमानांमध्ये याचा हिशेब उड्डाणाआधीच मांडलेला असतो. ठरावीक वेगाच्या आत बिघाड दिसला तर ब्रेक मारायचे, तो वेग ओलांडला तर एका इंजिनावरही विमान वर जायलाच हवं, इतकंच वजन भरायचं. 1945 च्या त्या बॉम्बरमध्ये, युद्ध हरलेल्या सैन्याच्या घाईगडबडीत, अशी चैन कोणाला नव्हती.

अपघातातून वाचले, आगीतून नाही

विमान आदळलं तेव्हा शिदेई आणि वैमानिक मेजर ताकिझावा जागीच गेले. नेताजी मात्र जिवंत होते. हबीबुर रहमान यांच्या साक्षीनुसार मागच्या बाजूने बाहेर पडायची वाट सामानाने अडली होती. पुढे आग होती. दोघं त्या आगीतूनच बाहेर पडले. पण नेताजींच्या अंगावर पेट्रोल उडालेलं होतं, त्यांचे कपडे पेटले. हबीबुर रहमान यांनी ते विझवायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचेही हात भाजले.

नेताजींना जवळच्या नानमोन लष्करी रुग्णालयात नेलं. डॉक्टर योशिमी यांनी उपचार केले. भाजण्याचं प्रमाण फार होतं. वेळेबद्दल साक्षींमध्ये फरक आहे, पण त्याच रात्री नेताजींचं निधन झालं. वय होतं 48.

दोन दिवसांनी तायहोकूतच अंत्यसंस्कार झाले. सप्टेंबरमध्ये अस्थी टोकियोला नेल्या गेल्या आणि रेंकोजी नावाच्या बौद्ध मंदिरात ठेवल्या गेल्या. त्या आजही तिथेच आहेत. खजिन्यातल्या जळालेल्या दागिन्यांचे अवशेष पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले.

मग वाद कशाचा?

ही बातमी जगाला कळली पाच दिवसांनी, 23 ऑगस्टला. तीही जपानी वृत्तसंस्थेकडून. पार्थिवाचा फोटो नाही, सरकारी पातळीवरची नीट चौकशी नाही. शिवाय हा माणूस याआधी पोलिसांच्या नाकासमोरून गायब झालेला. त्यामुळे हीसुद्धा एक युक्तीच असणार, असं लाखो लोकांना वाटलं. त्यात त्यांचं प्रेम होतं. अशी माणसं धावपट्टीच्या कडेला मरत नसतात, ही आपली समजूतही होती.

1956 मध्ये शाहनवाज खान समितीने विमान अपघातातच मृत्यू झाल्याचं सांगितलं. समितीतले नेताजींचे थोरले भाऊ सुरेशचंद्र यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. 1974 मध्ये खोसला आयोगानेही अपघातच मानला. 1999 मध्ये नेमलेल्या मुखर्जी आयोगाने उलट निष्कर्ष काढला, की नेताजी त्या अपघातात गेले नाहीत. 2006 मध्ये केंद्र सरकारने तो अहवाल फेटाळला. 2015 पासून गुप्त फाइल्स खुल्या होऊ लागल्या आणि 2017 मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सरकारने 18 ऑगस्ट 1945 हीच मृत्यूची तारीख असल्याचं सांगितलं. जर्मनीत राहणाऱ्या मुलगी अनिता यांनीही अपघाताची गोष्ट मान्य केली आहे आणि वडिलांच्या अस्थी भारतात आणाव्यात अशी मागणी त्या अनेक वर्षांपासून करत आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. 1956 मध्ये भारताचे तैवानशी संबंध नव्हते, म्हणून शाहनवाज समितीला अपघाताच्या जागी जाताच आलं नाही. पुढच्या चौकशांचा सगळा जोर नेताजी गेले की नाही यावर राहिला. पातं का तुटलं, आधीच्या थरथरीचा आणि त्याचा संबंध होता का, वजनाचा हिशेब कोणी तपासला का, मागची वाट सामानाने का अडवली, हे प्रश्न विचारायचे तर विमानाचे तुकडे हातात हवे होते. ते ऑगस्ट 1945 मध्येच विचारायला हवे होते. पण तेव्हा जपान कोसळत होता आणि एका बॉम्बरच्या सांगाड्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

1993 मध्ये चिकलठाण्याला जे झालं ते भयंकर होतं. पण नाक उशिरा उचललं आणि रोडवर ट्रक होता, एवढं तरी 55 घरांना कळलं. कारण कळलं की दुःख कमी होत नाही, पण संशयाला जागा उरत नाही. नेताजींच्या बाबतीत हीच गोष्ट झाली नाही. कारण सापडलं नाही, म्हणून रहस्य जन्माला आलं आणि रहस्य इतकं मोठं झालं की त्यामागे 48 वर्षांचं आयुष्य झाकलं गेलं. आज सोशल मीडियावर त्यांचं नाव शोधलं तर गुमनामी बाबा आधी दिसतात, मंडाले आणि इंफाळ नंतर.

आणि दायरेनला जाणारं विमान पोहोचलं नाही तरी त्यांचं काम थांबलं नाही. नोव्हेंबर 1945 मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देश पेटून उठला. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या गोदीत नौसैनिकांनी बंड केलं. त्यानंतर दीड वर्षात इंग्रज गेले. मराठवाड्याला मात्र 17 सप्टेंबर 1948 ची वाट बघावी लागली.